दूर्वा, हरळी आणि आमचे अंगण

गेल्या वर्षीच्या वैशाखात उज्जैनच्या माधवनगरातील आमच्या घरापुढची हिरवळ आम्ही हातांनी काढून टाकली. वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद, म्हणजे अवघी ३०० चौरस फूट जागा. चार माणसे, रोज सकाळचे दोन तास, आणि असे अकरा दिवस. एवढ्याशा कामाबद्दल मंडळाच्या त्रैमासिकात लिहावे काय, अशी शंका प्रथम आली. परंतु जमिनीवर बसून एकेक मुळी ओढीत असता जे जे आठवत गेले आणि मागाहून जे जे वाचून पडताळले, ते या माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांच्या इतिहासाशी इतके निगडित आहे की ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटले.

ही हिरवळ आमच्या वडिलांनी १९६८ साली लावली होती. माधवराव शिंद्यांच्या नावाची ही वसाहत, जिला सारे गाव फ्रीगंज म्हणते, तेव्हा मोकळी होती. घरापुढे हिरवळ असणे हे त्या काळी प्रतिष्ठेचे लक्षण होते. साहेबांच्या बंगल्यांपुढे ती असे, संस्थानी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांपुढे ती असे. मग निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या कारकुनाच्या घरापुढे ती का नसावी? त्या जागी त्यापूर्वी आईचा वाफा होता. अबोली, शेवंती, गुलबाक्षी, कडेला अळू आणि एका कोपऱ्यात पारिजातक. वडिलांनी माळी बोलावला, वाफा सपाट झाला. आई त्या विषयी काही बोलली नाही. फक्त त्यानंतर आमच्या देवघरात पूजेची फुले गोपाळ मंदिराजवळच्या बाजारातून विकत येऊ लागली, आणि हे आमच्या ध्यानात येण्यास आम्हांला पन्नास वर्षे लागली.

हिरवळीसाठी जे गवत लावतात ते काही परदेशातून आलेले नव्हे. हिंदीत जिला दूब म्हणतात ती आपली दूर्वाच. संस्कृतातील हरिताली या शब्दाची हरियाळी झाली आणि हरियाळीची हरळी. देवळात ती दूर्वा, शेतात ती हरळी, बंगल्यापुढे ती हिरवळ. वनस्पती एकच, परंतु माणसाने तिच्याशी तीन प्रकारचे नाते जोडले : पूजेचे, वैराचे आणि हौसेचे. चिंतामण गणेशाच्या देवळाबाहेर जिच्या जुड्या आपण आदराने हातात घेतो, तिचाच समूळ नाश व्हावा म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे झटत आला आहे.

या वैराचे कारण त्या वनस्पतीच्या रचनेत आहे. हरळीला दोन प्रकारचे धावते खोड असते. एक जमिनीवरून सरपटते आणि पेरापेराला मुळे सोडते. दुसरे जमिनीखाली, पांढरट, टोकदार, सुतळीसारखे चिवट, आडवे पसरत जाते. प्रत्येक पेर म्हणजे एक संभाव्य रोप. कुदळीच्या एका घावाने खोडाचे पाच तुकडे झाले तर शत्रू मेला नाही, पाचपट झाला. आश्चर्य असे की हे ज्ञान फार प्राचीन आहे. वाजसनेयी संहितेच्या तेराव्या अध्यायात, यज्ञवेदीच्या चितीत दूर्वेची इष्टका ठेवताना म्हणावयाचा जो मंत्र आहे, त्यात दूर्वेचे वर्णन कांडाकांडातून आणि पेरापेरातून उगवणारी असेच केले आहे, आणि तशीच आमचीही वाढ होवो, अशी प्रार्थना आहे. लग्नमुंजीत आपण ज्या भावनेने दूर्वा वापरतो तिचे मूळ येथे आहे. ऋषीला जो गुण वंशवृद्धीची उपमा वाटला, तोच कुणब्याला संकट वाटला. दोघांचेही निरीक्षण अचूक होते.

माळव्यात हरळीहून मोठा शत्रू म्हणजे कांस. ऋतुसंहारात शरद् ऋतू कांसफुलांचे वस्त्र लेवून येते असे जे वर्णन आहे, ते क्षिप्रेच्या काठी आश्विनात उभे राहिले की आजही पटते. परंतु तो पांढरा तुरा शेतकऱ्याच्या दृष्टीने पडीक जमिनीचे निशाण होते. काळ्या जमिनीत नांगर थांबला की कांस शिरतो आणि एकदा शिरला की त्याची मुळे साध्या देशी नांगराच्या आवाक्याबाहेर खोल जातात. म्हणून गवताचा इतिहास हा अपरिहार्यपणे शांततेचा आणि अशांततेचा इतिहास आहे.

तो आपल्या पूर्वजांना टाळता येणार नाही. १७२८ च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांनी मोगल सुभ्याचा पराभव केला आणि माळव्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे राणोजी शिंद्यांचे ठाणे उज्जैनीत बसले; त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभे केले; आणि त्या फौजेच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, वैद्य, सराफ अशी आपली घराणी येथे आली. हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच फौजांच्या वसुलीच्या बाबींत घासदाणा नावाची एक बाब होती, हे आपण सहसा सांगत नाही. घोड्यांची वैरण आणि दाणा यांच्या नावाने गावांवर बसवलेला तो पैका. म्हणजे माळव्याच्या शेतकऱ्याची आणि आपली पहिली ओळख गवताच्याच निमित्ताने झाली, आणि ती त्याला सुखाची नव्हती. १८०१ साली यशवंतराव होळकरांनी उज्जैनीजवळ शिंद्यांच्या पलटणींचा पाडाव केला. त्यानंतरची पंधरावीस वर्षे, पेंढाऱ्यांचा बंदोबस्त होईपर्यंत, या प्रदेशाने जे भोगले त्याची नोंद सर जॉन माल्कम यांच्या १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. ओस पडलेल्या गावांचे उल्लेख त्यात पुनःपुन्हा येतात. गाव ओस पडले म्हणजे शेतात कोणते पीक उभे राहिले असेल, हे माळव्यातील माणसाला सांगावे लागत नाही.

ही बाजू जशी खरी, तशी दुसरीही. पेशवाईच्या जमाबंदीत पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी इस्ताव्याचा कौल देण्याची पद्धत होती. पहिल्या वर्षी सारा अगदी हलका, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असे करीत काही वर्षांनी पूर्ण सारा. सरकारने दयाबुद्धीने ही सवलत दिली असे नव्हे. त्यामागे रोकडा हिशेब होता. गवत धरलेली जमीन एका वर्षात पिकाला तयार होत नाही. पहिल्या वर्षी खणायचे, दुसऱ्या वर्षी फुटवे वेचायचे, तिसऱ्या वर्षी कुठे जमीन हाताखाली यायची. इस्ताव्याची वाढती पायरी म्हणजे गवताच्या मुळीने सरकारकडून वसूल केलेली मुदतच होय. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मोडीतील सनदा आणि वतनाचे कागद अजून जपून ठेवलेले आहेत. त्यांत जमीन देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, शेजारच्या साक्षीदारांचीही असतात. ज्यांनी ती जमीन बोटांनी मोकळी केली त्यांची नावे नसतात. आमच्या घरच्या कागदांतही ती नाहीत.

स्वातंत्र्यानंतर या वैराने वेगळे रूप घेतले. अन्नधान्याची टंचाई होती आणि मध्य भारतात लक्षावधी एकर जमीन कांसाखाली अडकली होती. ती सोडवण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. १९४९ च्या सप्टेंबरात जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. जागतिक बँकेकडून भारताला मिळालेले हे दुसरेच कर्ज, पहिले रेल्वेसाठी होते. त्या पैशांतून आलेल्या अवजड ट्रॅक्टरांनी ऐन उन्हाळ्यात जमीन खोल उलथून कांसाची मुळे उन्हात उघडी टाकली. तत्त्व तेच, जे आमच्या अंगणात आलेल्या बाया जाणत होत्या : मुळी वर काढा आणि वैशाखाच्या स्वाधीन करा. पारतंत्र्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या राष्ट्राने पहिल्या काही कर्जांपैकी एक गवत उपटण्यासाठी काढावे, ही गोष्ट आमच्या मते शालेय पुस्तकांत असावयास हवी.

आता आमच्या अंगणाकडे वळू. आमच्यापुढे तीन मार्ग होते. बंगळुरास असलेल्या मुलाने सुचवले की सिमेंटच्या ठोकळ्यांची फरशी घालावी. गाडी उभी राहील आणि कटकट मिटेल. शेजाऱ्यांनी तणनाशक फवारण्याचा सल्ला दिला. हरळीवर चालणाऱ्या तणनाशकांत सर्वांत प्रचलित ते ग्लायफोसेट. परंतु त्याचा वापर केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला होता, आणि ज्या मातीत पूजेची फुले व घरचा भाजीपाला लावायचा तेथे ते वापरण्यास मन धजेना. तिसरा मार्ग हातांचा. आमचे वय सत्तरीच्या पुढचे. गुडघे मांडी घालू देत नाहीत. तरीही तो निवडला. उज्जैनजवळच्या एका खेड्यातून निंदणीच्या कामास येणाऱ्या दोन बाया मिळाल्या. त्या दोघी आणि आम्ही उभयता, असे चौघे झालो.

पहिल्या दिवशी आम्ही उत्साहाने कुदळ, जिला इकडे गैंती म्हणतात, ती घेऊन उभे राहिलो. त्यातील वडील बाईने ती आमच्या हातून काढून घेतली आणि बाजूला ठेवली. काळी माती ओली असता मेणासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. या दोहोंच्या मधला जो वाफसा, तेवढ्याच अवधीत काम होते. म्हणून आधी जमिनीला हलके पाणी द्यायचे, दोनतीन दिवस थांबायचे, मातीचा गोळा मुठीत धरून बोटाने मोडून पाहायचा. तो भुगा होऊन सुटला की बसायचे. खुरप्याने हातभर चौकोन आखायचा, कडेने कापायचा, दोन-तीन इंच मातीसकट गोधडीसारखा उचलायचा आणि झाडायचा. खरे काम त्यानंतर. खालच्या मातीत पांढरी मुळी दिसली की तिला हिसका द्यायचा नाही. तिच्या दिशेने माती सैल करीत जायचे आणि ती आपण होऊन निघेपर्यंत ओढ कायम ठेवायची. हिसका दिला की तुटते, आणि तुटली की निम्मी खाली राहते. बहुतेक मुळ्या वरच्या वीतभर थरात असतात. परंतु काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि त्या भेगांतून काही मुळ्या हातभर खाली गेलेल्या सापडल्या.

निघालेले सारे तगारीत भरून ओट्याच्या फरशीवर पसरले. पंधरा दिवस उन्हात. मुळी मोडली असता काडीसारखी कडकन आवाज करते की नाही हे पाहूनच ती खताच्या खड्ड्यात टाकली. वाकली तर पुन्हा उन्हात. या खतालाही आपल्या प्रांताचा इतिहास आहे. येथून जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर, इंदुरास, १९२४ साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री स्थापन झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील तण, काडीकचरा, शेण आणि गोठ्यातील मूत्रमिश्रित माती यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. दोघांनी मिळून लिहिलेला ग्रंथ १९३१ साली निघाला आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. सेंद्रिय शेतीचा विचार पाश्चात्त्य देशांत ज्या थोड्या पुस्तकांमुळे रुजला, त्यांत हॉवर्ड यांच्या लेखनाचे स्थान मोठे आहे. हॉवर्ड यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. वाडांचे नाव माळव्यातील मराठी घरांतही क्वचितच निघते. ते निघावे, म्हणून येथे लिहिले.

मुळ्या काढून झाल्या म्हणजे काम संपले असे नाही. पहिला पाऊस पडताच ठिकठिकाणी हिरव्या सुया वर आल्या. त्यासाठी आम्ही आणखी मागे गेलो, आपल्याच गावच्या माणसाकडे. सहाव्या शतकातील वराहमिहिर स्वतःला अवंतीचा म्हणवितो आणि कापित्थक येथे सूर्याचा प्रसाद लाभल्याचे सांगतो. हे कापित्थक म्हणजे उज्जैनच्या पूर्वेचे कायथा असे विद्वान मानतात. तेच कायथा, ज्याची ताम्रपाषाणयुगीन संस्कृती विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९६० च्या दशकात उजेडात आणली. बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेद अध्यायाच्या आरंभीच वराहमिहिर सांगतो की मऊ जमीन सर्व वृक्षांना हितकर. तिच्यात तीळ पेरावेत, ते फुलले की तेथेच मोडून मातीत मिळवावेत, आणि हेच भूमीचे पहिले संस्कारकर्म. दाट पेरलेल्या तिळाची सावली जमिनीवर पडते, आणि हरळीला सर्वांत असह्य जर काही असेल तर ती सावली. उन्हात ती कशालाही दाद देत नाही, अंधारात हळूहळू हरते. वराहमिहिराने हे कारण दिलेले नाही. परंतु आम्ही आषाढात तीळ पेरले आणि भाद्रपदाच्या तोंडी, फुलोरा आला असता, ते मातीत मिसळले, तेव्हा वर आलेले फुटवे पिवळे आणि दुबळे झालेले आढळले. उरलेले दर आठवड्याला खुरप्याने वेचले. चातुर्मासात असा एक तरी नेम आमच्याकडून निष्ठेने पाळला गेला.

परंतु जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ती आठव्या दिवशी घडली. उत्तरेच्या बाजूला खुरपे कशाला तरी अडले. दगड असेल म्हणून बाईने बोटांनी माती सारली, तर तिरपी रोवलेली वीट निघाली. तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी. दातेरी कड असलेली विटांची एक ओळ, सरळ पंधरा फूट. ती आईच्या वाफ्याची कड होती. माळ्याने १९६८ साली वाफा मोडला होता, पण विटा उपटण्याचे कष्ट घेतले नव्हते. वरून माती लोटून सपाट केले आणि शेणमातीत कालवलेले दूबेचे तुकडे त्यावर लिंपले. आम्ही लहानपणी त्या विटांवरून तोल सावरीत चालत असू, हे पूर्णपणे विसरलो होतो. यंत्र लावले असते तर विटांचा चुरा झाला असता; फरशी घातली असती तर त्या कायमच्या गाडल्या गेल्या असत्या. त्या दिवशी पुढे काम झाले नाही. बायांनीही काही विचारले नाही. त्यांनी चहा होईपर्यंत एकेक वीट पदराने पुसून ठेवली.

वडिलांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी जे केले ते त्यांच्या काळाच्या समजुतीने केले, आणि त्या हिरवळीवर आमच्या घरची दोन लग्नांची जेवणे उठली आहेत. परंतु एकाच्या हौसेसाठी दुसऱ्याची गरज किती सहज सपाट होते, आणि न बोलणाऱ्याचे नुकसान कोणत्याच वहीत कसे चढत नाही, हे त्या विटांनी आम्हांला दाखवले. घासदाण्याच्या हिशेबात शेतकरी नव्हता, सनदेत खणणारा नव्हता, आमच्या घरच्या हिशेबात आईची फुले नव्हती. यंदा आम्ही निदान एवढे केले : त्या दोन बायांची नावे, अकरा दिवसांची मजुरी आणि कामाचा तपशील घरच्या वहीत लिहून ठेवला. येथे नावे छापावीत काय, असे विचारले असता त्यांना संकोच वाटला, म्हणून छापलेली नाहीत.

विटा होत्या त्याच रेषेत पुन्हा रोवल्या. कार्तिकात शेवंतीची रोपे लावली, कोपऱ्यात पारिजातकाचे कलम, कडेने अळू. हिरवळीचा एक तुकडा मात्र मुद्दाम राखला आहे. नळाजवळ, दीड हात लांब, दीड हात रुंद. भोवती हातभर खोल चर खणून त्यात विटा उभ्या घातल्या, म्हणजे मुळी बाहेर पडणार नाही. गणेश चतुर्थीला एकवीस दूर्वा लागतात, आणि आपल्या अंगणात असताना त्या विकत कशाला आणायच्या? तिला वाढू द्यायचे, पण कोठवर, हे आपण ठरवायचे. परक्या मुलखात पेरापेराने रुजलेल्या आपल्यासारख्या घराण्यांनाही हा विचार नवा नसावा.

चरातील विटांच्या फटीतून परवा एक पांढरी मुळी डोकावताना दिसली. खुरपे ओसरीवरच ठेवलेले आहे.